पडद्यावरचा ज्ञानोबा आणि पडद्यामागची माणसे

१९४० साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने 'संत ज्ञानेश्वर' हा बोलपट काढला. त्यात ज्ञानेश्वरांचे काम केले शाहू मोडक ह्यांनी. मोडक मूळचे नगरचे. तेथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१८ साली त्यांचा जन्म झाला. बोलपटाचे दिग्दर्शक दोघे होते, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पैकी फत्तेलाल हे कागलचे मुसलमान. कंपनीत त्यांना साहेबमामा म्हणत, आणि प्रभातच्या बोलपटांतले वाडे, देवळे, नदीचे घाट हे सगळे प्रथम त्यांच्या कुंचल्यातून उतरत. म्हणजे पडद्यावरची जी आळंदी पाहून महाराष्ट्रातल्या आयाबायांनी हात जोडले, ती एका मुसलमान चित्रकाराने उभी केली होती आणि तिच्यात ज्ञानोबा होऊन वावरणारा तरुण ख्रिस्ती होता.

ही हकीगत बहुधा कौतुकाने सांगितली जाते. सांगणारा म्हणतो, पाहा, कला कशी जातधर्म मानीत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय मिटतो. आम्हांस तो तेथे मिटवावयाचा नाही. ज्या कारखान्यात अशी सरमिसळ होती, त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या कथांत ती किती उतरली? पडदा रंगविणारे हात निरनिराळ्या घरांतून आले हे खरे. पण पडद्यावर ज्यांची आयुष्ये दिसली ती माणसे कोण होती, आणि जी दिसलीच नाहीत ती कोण? हा प्रश्न बीडसारख्या गावी विचारण्यास विशेष कारण आहे. आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. अशा भागात मराठी बोलपट आला, तो निव्वळ करमणूक म्हणून आला नाही. आपला भूतकाळ आपल्या भाषेत बोलताना दिसू लागला तो ह्या पडद्यावर. पुस्तक वाचलेला मनुष्य पुस्तक विसरतो, पण तंबूतल्या सिनेमात पाहिलेला तुकाराम विसरत नाही. पुढे कोणी तुकोबांचे नाव काढले की विष्णुपंत पागनिसांचा चेहराच डोळ्यांपुढे उभा राहतो. इतिहासाची अशी मुद्रा ज्याच्या हाती, त्याचा हिशेब पाहणे अगत्याचे आहे.

पौराणिक, ऐतिहासिक आणि संतपट अशी तीन नावे आपण घेतो, तरी ह्या तिघांची प्रकृती एकच. काळ जुना, वेश भरजरी किंवा वारकऱ्याचा, सज्जनाचा छळ, बायकांचे अश्रू, आणि अखेरीस चमत्कार नाही तर विजय. इंग्रजीत ह्या प्रकाराला मेलोड्रामा म्हणतात. आमच्या रंगभूमीला तो नवा नव्हता. संगीत नाटकांवर वाढलेल्या प्रेक्षकाला तो सिनेमाच्या तंबूत चटकन ओळखीचा वाटला.

आरंभी तर ह्या पडद्यावर बाई नव्हतीच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीचे काम अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने केले होते. फाळक्यांनी स्त्री मिळावी म्हणून पुष्कळ खटपट केली. ज्यांना समाज वाईट म्हणे त्या वस्तीतही चौकशी केली. पण कॅमेऱ्यापुढे उभे राहण्यास कोणी तयार होईना. साळुंके ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत कामाला होते. तेथून ते थेट अयोध्येच्या राणीवशात गेले! पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त ह्याच गृहस्थांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. १९१३ सालच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढच्या कमलाबाई गोखले) ह्या दोघी आल्या आणि स्त्रीचे काम स्त्रीने करण्यास प्रारंभ झाला. तरी ही वाट लगेच रुळली नाही. १९१९ च्या 'कालिया मर्दना'त बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. पुरुष सीता होतो, मुलगी कृष्ण होते, आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नाही. ज्या समाजाने बालगंधर्वांच्या भामिनीवर प्रेम केले, त्याला ते का वाटावे?

खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. बाई पडद्यावर चालत होती, पण तिचे घराणे पडद्यावर चालत नव्हते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, तिला भांडवल पुरविले ते तानीबाई कागलकर ह्या गायिकेने. मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना पेंटरांच्या कॅमेऱ्याचे वर्णन सर्वजण करतात, लोकमान्यांनी पेंटरांना दिलेली 'सिनेमा केसरी' ही पदवी सांगतात. तानीबाईंच्या पैशाचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकतात. १९२० च्या 'सैरंध्री'त दोन नट्या होत्या, गुलाबबाई आणि अनुसूयाबाई. पडद्यासाठी त्यांची नावे झाली कमलादेवी आणि सुशीलादेवी. 'बाई' गेली आणि 'देवी' आली, एवढ्या एका शब्दाच्या फरकात त्या काळाची सगळी सामाजिक कुचंबणा मावते. गाणारणीच्या नावामागे बाई लागते, कुलीन स्त्रीच्या नावामागे देवी. द्रौपदीचा वेश करणाऱ्या स्त्रीला आधी स्वतःच्या नावाचा वेश बदलावा लागला.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटात दुर्गा खोटे तारामती झाल्या. त्या मुंबईच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या. त्यांनी नाव बदलले नाही, आणि त्यानंतर 'चांगल्या घरच्या' मुलींना हा व्यवसाय खुला झाला असे सांगण्याचा प्रघात आहे. ते खोटे नाही. पण चांगल्या घरच्या मुली येण्यापूर्वी एकोणीस वर्षे ज्या स्त्रियांनी हा पडदा तोलून धरला, त्यांची घरे चांगली नव्हती असे आपण त्याच वाक्यात नकळत म्हणून जातो. रतन साळगावकर ह्या मुलीने सिनेमात पाऊल ठेवले तेव्हा आडनावाला डाग नको म्हणून ती हंसा वाडकर झाली. ह्याच हंसाबाईंनी १९४१ साली प्रभातच्या 'संत सखू'त सखूचे काम केले आणि १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी'त तमासगीर बयाचे. सासुरवास सोसणारी पंढरीची वारकरीण आणि फडावर उभी राहणारी बया ह्या दोघी एकाच बाईच्या अंगातून निघाल्या. प्रेक्षकांनी एकीला नमस्कार केला, दुसरीला शिट्ट्या मारल्या.

मुंबईच्या कंपन्यांत सरमिसळ आणखी मोठी होती. पुण्यात बगदादी यहुदी कुटुंबात जन्मलेली रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटरचे काम करीत असे. पडद्यावर ती सुलोचना झाली. इम्पीरियल कंपनीच्या १९२८ च्या मूकपटात ती अनारकली होती. १९३५ साली तोच विषय बोलपटात आला तेव्हाही ती अनारकलीच होती. आणि १९५३ च्या 'अनारकली'त तिने सलीमची आई जोधाबाई साकारली. मोगल दरबाराची दासी आणि राजपूत राणी अशी दोन्ही टोके एका यहुदी स्त्रीने गाठली. हिमांशु राय ह्यांच्या १९२५ च्या 'प्रेम संन्यास'मध्ये बुद्धाची पत्नी झालेली सीतादेवी ही मुळात रेनी स्मिथ नावाची अँग्लो-इंडियन मुलगी. फातिमा बेगम ह्यांनी तर १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' स्वतः दिग्दर्शित केला, आणि त्यांची मुलगी जुबेदा १९३१ च्या 'आलम आरा'ची नायिका झाली. मूकपटाला भाषा नव्हती हे ह्या मुलींच्या पथ्यावर पडले. बोलपट आला तेव्हा सुलोचनेला एक वर्ष बाजूला बसून हिंदुस्थानी शिकावी लागली.

ह्याच वर्षांत अमेरिकेत हॉलिवूडला काय चालले होते, ते थोडे पाहू. कारण तुलनेशिवाय आपल्या घरातले गुणदोष आपल्याला दिसत नाहीत. १९१५ साली ग्रिफिथ ह्या दिग्दर्शकाचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' निघाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचा तो मोठा ऐतिहासिक मूकपट. त्यातली काळ्या माणसांची मुख्य कामे गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून केली, आणि काळ्या माणसाला पशू ठरवून त्याला ठेचणाऱ्या टोळीला वीर ठरविले. १९३७ साली चिनी शेतकऱ्याच्या जीवनावर 'द गुड अर्थ' निघाला, त्यात शेतकरी आणि शेतकरीण दोघेही युरोपात जन्मलेले गोरे नट. ॲना मे वाँग ही चिनी वंशाची प्रसिद्ध नटी तेथे हजर होती; तिला देऊ केली ती फक्त दुष्ट रखेलीची भूमिका, आणि तिने ती नाकारली. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या नियमावलीने काळ्या आणि गोऱ्या माणसांचा प्रणयसंबंध दाखविण्यास मनाईच केली होती. मग नायक गोरा असेल तर नायिका गोरीच हवी, कथा चीनची असो की आफ्रिकेची.

हॅटी मॅक्डॅनियलची कथा तर प्रत्यक्ष १९४० सालचीच, आपल्या 'संत ज्ञानेश्वरा'च्या वर्षाची. 'गॉन विथ द विंड' ह्या बोलपटात तिने गुलाम दाईचे काम केले. आदल्या डिसेंबरात अटलांटा शहरात बोलपटाचा मोठा समारंभ झाला, पण तेथल्या वर्णभेदाच्या कायद्यांमुळे तिला त्याला जाता आले नाही. फेब्रुवारीत तिला ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी व्यक्ती. त्या रात्रीही तिला सहकाऱ्यांबरोबर न बसविता भिंतीकडेच्या वेगळ्या टेबलावर बसविले होते. आमच्याकडे पंक्तिभेद हा शब्द आहे. त्याचे इतके नेमके उदाहरण शोधण्यास इतक्या दूर जावे लागावे ह्याची गंमत वाटते, आणि वाटू नये असेही वाटते.

नावे बदलण्याचा खेळ तिकडेही होता. १९३९ च्या 'वुदरिंग हाइट्स'ची नायिका मर्ल ओबेरॉन मुंबईत जन्मलेली, मिश्र रक्ताची. तिने जन्मभर आपण टास्मानियात जन्मलो असे सांगितले. खरी हकीगत १९७९ साली ती वारल्यानंतर उघड झाली. रूबी मायर्सने नाव बदलले, पण ती यहुदी आहे हे मुंबईत सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी तिच्या अनारकलीला हरकत घेतली नाही. हा भेद मोठा आहे. आमच्या प्रेक्षकाची एक जुनी सवय त्याच्या मुळाशी असावी. लळितात, दशावतारात, तमाशात सोंग आणणारा कोण आहे हे गावाला माहीत असते. तो सोंगाचा धनी नसतो, सोंग त्याच्या अंगावर तेवढ्यापुरते येते. सोंग उतरले की पुन्हा तो आपला सुतार नाही तर गुरव. शाहू मोडकांचा ज्ञानोबा आणि कृष्ण लोकांनी ह्याच न्यायाने स्वीकारला. त्यांना तर नावही बदलावे लागले नाही, कारण नगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींची नावे-आडनावे मराठीच राहिली होती. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये ते प्रथम पडद्यावर आले तेही कृष्ण होऊनच.

तथापि लगेच पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. हॉलिवूडचे कुंपण कातडीच्या रंगाचे होते, म्हणून ते छायाचित्रात दिसते. आमचे कुंपण कातडीवर दिसत नाही. ते कोठे होते हे पाहावयाचे तर सोंगाची दिशा उलटी करून पाहावी. केरळातल्या पहिल्या मूकपटात, 'विगतकुमारन'मध्ये, पी. के. रोझी ह्या दलित मुलीने नायर स्त्रीचे काम केले. १९३० च्या सुमारास त्रिवेंद्रमला तो दाखविला गेला, तेव्हा प्रेक्षकांनी पडद्यावर दगड फेकले आणि पुढे त्या मुलीला गावच सोडावे लागले. त्यानंतर १९३६ साली 'अछूत कन्या' हा बोलपट देशभर गाजला. त्यातली अस्पृश्य मुलगी झाली होती टागोरांच्या नात्यातली, इंग्लंडात शिकलेली देविकाराणी. तिच्यावर कोणी दगड फेकला नाही, तिला टाळ्या मिळाल्या. वरच्याने खालचे सोंग घेतले तर ती कला, आणि खालच्याने वरचे घेतले तर तो गुन्हा. यहुदी राणी चालते, ख्रिस्ती ज्ञानोबा चालतो, हे मान्य. जातीच्या उतरंडीवर मात्र सोंगाला एकच दिशा मोकळी होती.

आता आपल्या शेजारी, गोदावरीपलीकडच्या पैठणात येऊ. १९३५ साली शांतारामबापूंनी एकनाथांच्या चरित्रावर 'धर्मात्मा' हा बोलपट काढला. त्याचे मूळ नाव होते 'महात्मा'. गांधीजींची आठवण होते म्हणून सेन्सॉरने त्या नावास हरकत घेतली आणि नाव बदलले. (प्रभातला असा अनुभव पूर्वीही होता, 'स्वराज्याचे तोरण' हे नाव जाऊन १९३० साली 'उदयकाल' आले ते ह्याच कारणाने.) एकनाथ झाले होते बालगंधर्व. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला हा नट पडद्यावर आला तो पुरुष म्हणून, आणि तोही संत म्हणून. बोलपटाचा गाभा एकनाथांनी अस्पृश्यांना जेवू घातले आणि त्यांच्या घरी जाऊन ते जेवले, हा. पैठणच्या कर्मठांना अंगावर घेण्याचे धैर्य त्या काळी एका धंदेवाईक कंपनीने दाखविले, ही लहान गोष्ट नाही.

परंतु १९३५ ह्या वर्षात आणखी काय घडले तेही पाहिले पाहिजे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यास बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. महाडचे चवदार तळे होऊन आठ वर्षे लोटली होती, नाशिकच्या काळाराम मंदिराचा लढा पाच वर्षे चालून थांबला होता. म्हणजे नाशिकला आणि येवल्याला ज्या समाजाची माणसे स्वतःच्या तोंडाने बोलत होती, त्याच समाजाची माणसे 'धर्मात्मा'त दाराशी उभी होती आणि नाथमहाराज केव्हा येतात ह्याची वाट पाहत होती. कथेचा कर्ता एकनाथ आहे. अस्पृश्य हा त्यांच्या करुणेचा विषय आहे. त्याला दुःख आहे, भूक आहे, कृतज्ञता आहे, पण त्याचा स्वतःचा बेत असा काही नाही. नाथांनी स्वतः भारुडे रचताना महाराच्या तोंडी जो ठसकेबाज उपदेश घातला, ज्यात तो ब्राह्मणाला चार गोष्टी सुनावतो, तो ह्या बोलपटातल्या अस्पृश्यांपेक्षा कितीतरी अधिक बोलका आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या कवीने जेवढे तोंड दिले, तेवढे नव्या यंत्राने दिले नाही. चोखामेळ्याच्या जीवनावर राम गबाल्यांचा 'जोहार मायबाप' आला तो १९५० साली, तोवर स्वातंत्र्य मिळून गेले होते.

'संत तुकारामा'त ह्याहून बरी तोड निघाली होती. १९३६ चा हा बोलपट दामले-फत्तेलालांचाच. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो सत्तावन्न आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातली जिजाई पाहावी. देवाला शिव्या देणारी, म्हशीची चिंता करणारी, नवऱ्याच्या भक्तीने पोरे उपाशी मरतात हे बजावून सांगणारी ही कुणब्याची बायको मराठी पडद्यावरची पहिली खरी बाई म्हणावी लागेल. ती तुकोबांच्या करुणेची याचक नाही, ती त्यांना जाब विचारते. हे काम केले गौरी नावाच्या नटीने. बोलपटाच्या आरंभीच्या पाटीवरही ती नुसती गौरीच आहे, आडनाव नाही. तिच्यासारखी माणसे प्रभातने पुढे आणली, हे कंपनीचे श्रेय आम्ही मोकळ्या मनाने देतो.

मुसलमान पात्रांविषयी तसे म्हणता येत नाही. शिवकालीन मूकपट आणि बोलपट आपल्याकडे पुष्कळ झाले. १९२३ च्या पेंटरांच्या 'सिंहगडा'ने ती लाट आणली. ह्या चित्रांत मुसलमान म्हणजे बहुधा दाढीवर हात फिरवणारा, मोठ्याने हसणारा, डाव हरणारा सरदार. हा साचा इतका पक्का झाला की नटाने तसला जिरेटोप किंवा झगा चढवला की पोरेसोरे त्याचा शेवट आधीच सांगत. शिवाजी महाराजांच्या पदरचा नूरबेग, पायदळाचा पहिला सरनोबत, आरमाराचा दौलतखान, अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या दहा अंगरक्षकांतला सिद्दी इब्राहीम, चिटणिशी पाहणारा काझी हैदर. ही नावे बखरींत आणि कागदपत्रांत आहेत. पडद्यावर ती कोठे गेली? आणि ती गेली ती ज्यांच्या कारखान्यात मुसलमान भागीदार होता त्यांच्याच काळात. प्रभातने ह्या प्रश्नाला हात घातला तो ऐतिहासिक वेशात नव्हे, चालू काळाच्या कथेत. १९४१ च्या 'शेजारी'च्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, शांतारामबापूंनी मुद्दाम मजहर खानांना हिंदू ठाकूर केले आणि गजानन जागीरदारांना मुसलमान मिर्झा. दोन म्हाताऱ्यांची जिवाभावाची मैत्री, मग फूट, मग धरण फुटून दोघांचा एकत्र अंत. पाकिस्तानचा ठराव होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते अशा दिवसांत हे चित्र बेतले गेले. भूतकाळाच्या चित्रांत मात्र असा शेजार कोणी रंगविला नाही.

आमच्या भागात ह्याचा परिणाम अधिक खोल झाला असे आम्हांस वाटते. १९४७-४८ चे रझाकारी दिवस ज्यांनी पाहिले, त्यांच्या अनुभवाला हा पडद्यावरचा साचा तंतोतंत बसला. आणि अनुभवाला साचा बसला की मनुष्य साच्यालाच इतिहास समजू लागतो. अन्याय झाला होता, तो विसरा असे सांगण्यास आम्ही उभे नाही. पण ज्या अंबाजोगाईला निजामी अमदानीत मोमिनाबाद म्हणत, त्याच गावात मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांची पासोडी आहे. बीड शहरात एकीकडे कंकालेश्वर आहे, दुसरीकडे शहेनशाहवलींचा दर्गा आहे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला वीरशैव समाज लोटतो. इतका गुंतागुंतीचा प्रदेश एका साच्यात बसत नाही, हे येथे राहणाऱ्याला सिनेमावाल्याने सांगण्याची गरज नसावी. पण पडद्याने उलट सांगितले तर तेही त्याच्या कानावर पडते.

आता शेख महंमदांकडे येऊ. ह्या संतकवीचे मूळ गाव आष्टी तालुक्यातले वाहिरे असे परंपरा सांगते. धारूरचेही नाव त्यांच्या घराण्याशी जोडले जाते. दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यात. जन्माने मुसलमान, गुरू चांद बोधले, वास्तव्य श्रीगोंद्यास. मालोजी भोसल्यांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांनी, त्यांना तेथे मठ करून दिला असे सांगतात. 'योगसंग्राम' हा त्यांचा मोठा मराठी ग्रंथ. ते मुसलमान असून मराठीत अद्वैत सांगतात, कर्मठ ब्राह्मण आणि कर्मठ मुल्ला ह्या दोघांचीही खरडपट्टी काढतात. संतपटाला जे जे लागते ते सर्व ह्या चरित्रात आहे: छळ आहे, शंका आहे, गुरुशिष्य आहेत, राजघराण्याचा संबंध आहे. चमत्कार हवा असेल तर तोही आहे. देहूस तुकोबांच्या कीर्तनात मांडव पेटला, आणि तिकडे श्रीगोंद्यास बसलेल्या शेख महंमदांनी कीर्तन करता करता हात चोळून तो विझविला, अशी आख्यायिका आहे.

प्रभातच्या कचेरीत 'संत तुकारामा'ची जुळवाजुळव चालली असेल तेव्हा ही आख्यायिका कोणाच्या कानावर आली की नाही, ह्याचा कागद नाही. तुकोबांची वैकुंठाला जाणारी गरुडाची पालखी दामल्यांनी यंत्रयुक्तीने आकाशात उडविली. 'संत ज्ञानेश्वरा'त भिंत चालविली. मांडव पेटवून विझविणे त्यांना मुळीच जड नव्हते. नेपथ्याला साहेबमामा होते. धर्मात्मा, तुकाराम, ज्ञानेश्वर, सखू एवढे संतपट प्रभातने १९३५ ते १९४१ ह्या सात वर्षांत काढले. शेख महंमद त्यांत नाहीत. धंद्याचा विचार केला तर तुकाराम आणि ज्ञानेश्वर ही नावे घरोघरची होती, आणि कंपनीला घरोघरचे नाव हवे असणे स्वाभाविक आहे. पण नाव घरोघरचे होते ते पुष्कळदा पडद्यावर आल्यानेच होते. महिपतीने भक्तविजयादी ग्रंथांत नाना जातीधर्मांचे भक्त एकाच माळेत ओवले; सिनेमाने माळेतले चार मणी उचलले, आणि पुढच्या पिढ्यांना माळ तेवढीच वाटली.

साहेबमामा फत्तेलाल पुढेही चित्रे काढीत राहिले. प्रभातचा कारभार १९५३ साली संपला. १९५५ साली त्यांनी 'जगद्गुरु शंकराचार्य' दिग्दर्शित केला. शेख आडनावाच्या मनुष्याने वारकऱ्यांचे तीन संत आणि अद्वैताचे आद्य आचार्य पडद्यावर आणले. त्यांनी स्वतः होऊन कधी शेख महंमदांचा विषय सुचविला असता तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो. भागीदार म्हणून त्यांचा शब्द वजनदार होता. पण मुसलमान दिग्दर्शकाने ज्ञानेश्वर काढला तर तो निष्ठावंत कलावंत, आणि मुसलमान संत काढला तर तो आपल्या जातीचे घोडे पुढे दामटतो, असे बोलणारे लोक १९४० साली होते आणि त्यानंतरही कमी झालेले नाहीत. दुसऱ्याचा देव रंगविण्याची मुभा होती. स्वतःचा माणूस दाखविण्याची होती की नाही, हे विचारून पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नसावी, किंवा त्यांनी ती येऊ दिली नसावी.

जे काढले गेले तेही आता सगळे हाती नाही. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांपैकी उरले ते थोडे डझन, आणि तेही बहुधा तुकड्यांत. पेंटरांचे बहुतेक मूकपट नाहीसे झाले. कमलादेवी कशी दिसे, कशी चाले, हे आता जुन्या छायाचित्रांवरून ताडावे लागते. प्रभातच्या जागेत १९६० साली सरकारी चित्रपटसंस्था आली, १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, आणि पी. के. नायर ह्यांनी गावोगाव हिंडून जुन्या रिळांचे डबे गोळा केले. २००३ साली संस्थेच्या आवारातल्या गोदामाला आग लागून नायट्रेटची पुष्कळ जुनी रिळे जळाली. 'संत ज्ञानेश्वर' मात्र शाबूत आहे. त्यात पैठणच्या ब्रह्मसभेपुढे संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडे उभी राहतात. पुढे त्यांच्यातला ज्ञानोबा मोठा होतो आणि नगरच्या शाहू मोडकांच्या तोंडाने मराठी बोलू लागतो.